रोड टू ग्लोरी आणि डायनेस्टी: खेळाडू घडवताना वेळ कुठे घालवायचा

नवा खेळाडू बनवायला बसलं की बहुतेकांचा पहिला अर्धा तास चेहरा, केस आणि हेल्मेटच्या जाळीत जातो, आणि आर्केटाइप, म्हणजे खेळाडूची खेळण्याची शैली ठरवणारा साचा, दहा सेकंदांत निवडला जातो. हे नेमकं उलटं व्हायला हवं. जाळी पुढच्या आठवड्यातही बदलता येते. आर्केटाइप मात्र कॉलेजची सगळी वर्षं तुमच्या मानगुटीवर बसतो. म्हणून या लेखात आधी न बदलणाऱ्या गोष्टी येतील आणि सजावट नंतर. सगळं ईए स्पोर्ट्सच्या कॉलेज फुटबॉल २५ या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेमला धरून लिहिलं आहे. त्यात रोड टू ग्लोरी म्हणजे एकाच खेळाडूची कारकीर्द खेळायचा मोड, आणि डायनेस्टी म्हणजे सगळा संघ चालवायचा मोड. पुढच्या कॉलेज फुटबॉल २६ मध्ये रोड टू ग्लोरीत हायस्कूलचा टप्पा परत आला, पण खेळाडू घडवण्याचं मूळ तंत्र तेच राहिलं.

पोझिशन

२५ मध्ये रोड टू ग्लोरीत पाच पोझिशन मिळतात: क्वार्टरबॅक (पास फेकणारा), हाफबॅक (चेंडू घेऊन पळणारा), वाइड रिसीव्हर (पास झेलणारा), माइक लाइनबॅकर (बचावाच्या मधोमध उभा राहणारा) आणि कॉर्नरबॅक (समोरच्या रिसीव्हरला कव्हर करणारा). निवडताना "कोण भारी दिसतं" यापेक्षा "सामन्यात हात किती वेळा चालणार" हा प्रश्न विचारा. क्वार्टरबॅकच्या हातात आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक स्नॅपला, म्हणजे प्ले सुरू होताना, चेंडू येतो. माइक लाइनबॅकर मैदानाच्या मधोमध असतो, त्यामुळे धाव असो वा पास, त्याला काहीतरी काम असतंच. कॉर्नरबॅकचं गणित वेगळं आहे. तुम्ही चांगलं कव्हर केलं की समोरचा क्वार्टरबॅक चेंडू दुसरीकडे फेकतो, म्हणजे जितकं चांगलं खेळाल तितकं काम कमी दिसतं. हे आवडणारे लोक आहेत, आणि त्यांना ही पोझिशन फार समाधान देते. पण दर सामन्यात दोन इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मध्येच झेलणं) मिळतील या आशेने कॉर्नर घेतला, तर तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो.

रिसीव्हरला हाच धोका दुसऱ्या वाटेने येतो. तुमचा रूट (पळायचा ठरलेला मार्ग) कितीही सुंदर असला तरी पास फेकणारा दुसरा आहे. आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स ही तिन्ही सैनिकी महाविद्यालयं ऑप्शन पद्धतीच्या धावत्या खेळासाठी ओळखली जातात, आणि गेममधली त्यांची प्लेबुकंही तशीच आहेत. तिथे स्पीडस्टर रिसीव्हर नेला तर तो बहुतेक डावात ब्लॉकिंग करत राहतो, आकडे वाढत नाहीत, प्रशिक्षकाचा विश्वासही रखडतो. तोच रिसीव्हर एअर रेड, म्हणजे पासवर भर देणारा खेळ, खेळणाऱ्या संघात न्या आणि फरक बघा. शाळा निवडण्याआधी तिची आक्रमणाची पद्धत वाचायची, आणि मग डेप्थ चार्टमध्ये (प्रत्येक जागेच्या खेळाडूंची क्रमवारी) आपल्या जागेवर आधीच कोण बसलंय ते बघायचं, ही दोन मिनिटं कधीच वाया जात नाहीत. समोर शेवटच्या वर्षातला खेळाडू असेल तर जागा पुढच्या हंगामात रिकामी होते. पहिल्या वर्षातलाच तगडा खेळाडू असेल तर तुम्ही त्याच्यामागे तीन वर्षं उभे आहात.

आर्केटाइप म्हणजे खरा खेळाडू

क्वार्टरबॅकला चार आर्केटाइप आहेत: पॉकेट पासर, बॅकफील्ड क्रिएटर, ड्युअल थ्रेट आणि प्युअर रनर. नावं वाचून कोणीही प्युअर रनर घेईल, कारण पळायला मजा येते. अडचण कुठे होते ते सांगतो. तिसरा डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा), अजून नऊ यार्ड मिळवायचे आहेत. समोरच्या संघाने एक लाइनबॅकर तुमच्यावर पहारेकरी म्हणून उभा केलाय, म्हणजे पळायची वाट बंद. आता बाजूच्या रेषेकडे वळणाऱ्या रिसीव्हरला बारा यार्डांचा पास द्यावा लागतो. तो पास चेंडू हवेत असतानाच कापला जाऊ शकतो, म्हणून तिथे ताकद आणि मध्यम अंतराची अचूकता दोन्ही लागतात. प्युअर रनरकडे सुरुवातीला दोन्ही बेताची असतात. २५ मध्ये पास फेकताना बटण धरून ठेवलं की एक पट्टी भरत जाते आणि ती योग्य जागी सोडावी लागते. खेळाडूचं रेटिंग कमी असेल आणि अंगावर बचावपटू येत असेल, तर ती योग्य जागा सापडणं आणखी अवघड होतं. मग लोक म्हणतात, पासिंग बिघडलंय. पासिंग बिघडलेलं नसतं, खेळाडूची निवड चुकलेली असते.

पहिल्यांदा खेळणाऱ्याला माझा सल्ला बॅकफील्ड क्रिएटर किंवा ड्युअल थ्रेटचा. पॉकेट पासर उत्तम आहे, पण त्याला पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनच्या आडोशाला, थांबायची सवय लागते आणि समोर चांगली ऑफेन्सिव्ह लाइन (त्याला वाचवणारे पाच जण) लागते. कमकुवत संघात पॉकेट पासर घेऊन गेलात तर तो पाठीवर जास्त आणि पायावर कमी दिसेल.

हाफबॅकमध्ये काँटॅक्ट सीकर आणि ईस्ट-वेस्ट प्लेमेकर ही दोन टोकं समजली की बाकीचे समजतात. पहिला खांदा पुढे करून टक्कर घेतो, दुसरा बाजूला सरकून टक्कर टाळतो. ज्याचा अंगठा सतत ज्यूकच्या (हुलकावणी देण्याच्या) काडीवर असतो त्याने काँटॅक्ट सीकर घेऊ नये. त्याला मिळालेली ताकद वापरलीच जाणार नाही आणि नसलेली चपळता रोज मागितली जाईल. इल्युसिव्ह ब्रुझर हा मधला आहे, आणि मधला असल्यामुळे तो दोन्ही कामं करतो पण कोणतंच पहिल्या वर्षी ठळकपणे करत नाही. त्याला धीर लागतो.

कॉर्नरचे चार प्रकार, बाउंड्री, फील्ड, बंप अँड रन आणि झोन, हे थेट संघाच्या बचावाशी जोडून बघा. संघ झोन (खेळाडूऐवजी मैदानाचा ठरावीक भाग राखणं) खेळत असेल आणि तुम्ही बंप अँड रन असाल, तर लाइनवरच रिसीव्हरला अडवण्याची तुमची खासियत बऱ्याच प्लेमध्ये वापरातच येत नाही. माइकसाठी लर्कर, सिग्नल कॉलर आणि थंपर. थंपर धावा रोखतो, लर्कर पासच्या वाटेत लपून बसतो. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आर्केटाइपबरोबर क्षमतांचा संचही ठरतो. शारीरिक क्षमता ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा चढत्या पायऱ्यांनी उघडतात. मानसिक क्षमता वेगळ्या. त्यातली रोड डॉग बाहेरच्या मैदानावर उपयोगी पडते, आणि या गेममध्ये बाहेरचं मैदान ही खरोखर मोठी गोष्ट आहे. प्रेक्षकांचा आवाज चढला की पडदा थरथरतो, प्लेच्या रेषा वेड्यावाकड्या दिसायला लागतात. पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅकला ते जाणवतंच.

किती तारे घ्यायचे

सुरुवातीची पातळी चार प्रकारची: पंचतारांकित एलीट, चार ताऱ्यांचा ब्लू चिप, तीन ताऱ्यांचा काँट्रिब्यूटर आणि दोन ताऱ्यांचा अंडरडॉग. एलीट घेतला की मोठी शाळाही लवकर मैदानात उतरवते, पण वाढायला जागा थोडी उरते. पहिल्याच हंगामात सगळं जिंकून झालं की पुढची वर्षं सपाट वाटतात. अंडरडॉगला मोठ्या शाळेत नेलं तर बेंच गरम करण्यातच एक-दोन वर्षं जातात. मला तीन ताऱ्यांचा खेळाडू आणि मधल्या ताकदीची शाळा ही जोडी सगळ्यात चांगली वाटते. जागा मिळवायला झगडावं लागतं, पण पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ती मिळण्यासारखी असते. शाळा चुकली तर ती बदलायला ट्रान्सफर पोर्टल आहे. पोझिशन चुकली तर त्याला पोर्टल नाही.

गुण कुठे घालायचे

रेटिंग एकेक करून वाढत नाहीत, गटाने वाढतात. एका गटात गुण घातले की त्यातली सगळी रेटिंग थोडी वर सरकतात, आणि गट जितका वर जाईल तितका पुढचा टप्पा महाग होतो. इथे सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे दर आठवड्याला मिळालेले गुण सगळ्या गटांत चिमूटभर वाटून टाकणं. त्याने ओव्हरऑल (एकूण रेटिंग) वाढल्यासारखं दिसतं, पण एकही क्षमता उघडत नाही. आधी बघा की तुमच्या आर्केटाइपच्या पहिल्या ब्राँझ क्षमतेला कोणता गट कुठपर्यंत लागतो. तिथपर्यंत सगळे गुण त्याच गटात. ती उघडली की दुसरी. हाफबॅकने टेकऑफसारखी झेप घेणारी क्षमता लवकर मिळवली, तर लाइनमधली फट मिटायच्या आत तो बाहेर पडतो, आणि हा फरक ओव्हरऑलमधल्या दोन-तीन आकड्यांपेक्षा मैदानावर जास्त दिसतो.

आठवड्याच्या नियोजनातली ऊर्जा मोजकी असते. अभ्यास, नेतृत्व, प्रकृती, सराव आणि ब्रँड या सगळ्यांना ती पुरत नाही, पुरावी अशी रचनाच नाही. डेप्थ चार्टमध्ये खाली असताना ऊर्जा सरावाकडे आणि प्रशिक्षकाचा विश्वास वाढेल अशा गोष्टींकडे वळवा. ब्रँडचे करार डेप्थ चार्टमध्ये वर असलेल्या स्टार्टर खेळाडूंना आपोआप मोठे येतात. अभ्यासाचे ग्रेड मात्र सोडून देऊ नका. ते हळूहळू घसरतात, त्यामुळे लक्षात येत नाही, आणि लक्षात येतं तेव्हा सावरायला दोन-तीन आठवड्यांची सगळी ऊर्जा लागते. तीही नेमकी मोठ्या सामन्याच्या तोंडावर.

क्वार्टरबॅकसाठी विश्वासाचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. विश्वास कमी असताना प्ले बदलण्याची मोकळीक कमी असते. समोर ब्लिट्झ (जादा बचावपटूंनी क्वार्टरबॅकवर धावून येणं) दिसतोय आणि हातात मात्र लांब पासची प्ले अडकलेली, अशी वेळ पहिल्या हंगामात येते. अशा वेळी चेंडू बाहेर फेकून द्या. इंटरसेप्शनने जाणारा विश्वास एका वाया गेलेल्या डाउनपेक्षा कितीतरी महाग पडतो.

प्रकृतीबद्दल एक गोष्ट. प्रत्येक टकरीचा मार शरीराच्या त्या त्या भागावर साठत जातो. साठला की रेटिंग तात्पुरती उतरतात आणि दुखापतीची शक्यता वाढते. पळणारा क्वार्टरबॅक बनवला असेल तर टिकाऊपणाचा गट दुर्लक्षित ठेवू नका, आणि धाव संपताना घसरून खाली बसायची सवय लावून घ्या. तीन यार्ड जास्त मिळवण्यासाठी दर वेळी खांदा दिला, तर चौथ्या क्वार्टरमध्ये फेकणारा हातच थकलेला असतो.

शरीर, नंबर, नाव

उंची म्हणजे पोहोच. उंच रिसीव्हर हवेतला चेंडू वरच्यावर उचलतो, पण स्पीडस्टरला मुद्दाम फार उंच केला तर तो नजरेला खोटा वाटतो. खेळाच्या पद्धतीला शोभेल असं शरीर घ्या: काँटेस्टेड स्पेशालिस्ट उंच आणि भरदार, गॅजेट बुटका आणि चिवट.

नंबरात खऱ्या खेळाचे नियम पाळले तर खेळाडू लगेच खरा वाटतो. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे ५० ते ७९ हे नंबर ऑफेन्सिव्ह लाइनचे, त्या नंबरांना पुढे जाऊन पास झेलता येत नाही. त्यामुळे रिसीव्हरला ५५ देऊ नका. शून्य नंबर २०२० पासून चालतो. एकच नंबर संघातल्या दोघांना असू शकतो, पण ते दोघे एकाच डाउनला मैदानावर नसावेत. म्हणूनच बहुतेक संघांत एक आक्रमणात आणि दुसरा बचावात असतो.

आडनाव निवडताना समालोचनाच्या यादीत असलेलं घेतलं तर ते उच्चारलं जातं, नाहीतर तुमचा खेळाडू नंबराने किंवा पोझिशनने ओळखला जातो. टचडाउननंतर स्वतःच्या खेळाडूचं आडनाव ऐकू येणं ही या मोडमधली छोटी पण फार गोड गोष्ट आहे. तेवढ्यासाठी स्पेलिंगमध्ये थोडी तडजोड करावी.

उपकरणं

क्वार्टरबॅकची जाळी मोकळी ठेवा, कमी सळ्यांची. त्याला बघायचं असतं. लाइनवाल्यांच्या जाळीत सळ्या जास्त, कारण समोरच्याचे हात सतत तोंडाशी येतात. डोळ्यांवरची काच घ्यायचीच असेल तर पारदर्शक घ्या, कारण कॉलेजच्या नियमात रंगीत काच चालत नाही. डोळ्यांखालचं काळंही साधं, त्यावर अक्षरं किंवा चिन्हं नाहीत. क्वार्टरबॅकला मनगटावर प्लेची पट्टी आणि कमरेला हात ऊबेत ठेवायची पिशवी शोभते. ग्लव्ह घालायचाच असेल तर न फेकणाऱ्या हाताला. ऑफेन्सिव्ह लाइनला गुडघ्यांचे ब्रेस द्या. खऱ्या मैदानावर ते दुखापत झाल्यावर नव्हे, तर होऊ नये म्हणून घातले जातात, आणि पाचही जणांना दिसले की लाइन एकदम लाइनसारखी दिसते. कॉर्नर आणि रिसीव्हरला ग्लव्ह, आखूड मोजे, घोट्यावर टेप. बाह्यांच्या बाबतीत एकच: डाव्या-उजव्या हाताची सेटिंग वेगवेगळी असते, त्यामुळे एका हाताला बाही घालून दुसरा विसरला जातो आणि ते थेट रिप्लेमध्येच कळतं.

डायनेस्टीत ८५ जणांचं काय करायचं

इथे आधी एक मर्यादा समजून घ्यावी लागते. याच मालिकेतल्या आधीच्या एनसीएए फुटबॉल १४ मध्ये, म्हणजे २०१३ साली, खेळाडूंना नावं नव्हती, फक्त पोझिशन आणि नंबर. पण उंची, वजन, नंबर खऱ्या खेळाडूंशी जुळायचे, आणि माजी खेळाडूंनी २००९ पासून चालवलेल्या खटल्यांचा गाभा तोच होता. त्यानंतर अकरा वर्षं मालिका बंद राहिली. २०२४ मध्ये ती परत आली ती खेळाडूंना मोबदला देऊन: होकार देणाऱ्या प्रत्येकाला ६०० डॉलर आणि गेमची प्रत. ज्यांनी नकार दिला त्यांना गेममध्ये हाताने बनवू दिलं जाणार नाही, हे ईएने आधीच जाहीर केलं होतं. त्यामुळे खऱ्या खेळाडूंचं नाव आणि चेहरा तुमच्या हातात नाही, उपकरणं आहेत. संगणकाने बनवलेल्या रिक्रूटवर (संघात नव्याने येणाऱ्या खेळाडूंवर) मात्र बरंच काही करता येतं. म्हणजे डायनेस्टी जसजशी पुढे सरकते आणि खरे खेळाडू पदवी घेऊन जातात, तसतसा संघ अधिकाधिक तुमचा होत जातो. हे मला या मोडचं सगळ्यात सुंदर अंग वाटतं.

संघातले सगळे ८५ खेळाडू एका बैठकीत करायला घेऊ नका. पंधराव्या खेळाडूनंतर सगळ्यांना एकसारखं सामान चढवलं जातं. आधी स्टार्टर २२, मग किकर आणि किक-पंट परतवणारे, बाकी हंगामात जसे मैदानात येतील तसे. रिक्रूटचे चेहरे पुन्हा पुन्हा येतात. एकाच पोझिशन-गटात दोन सारखे चेहरे आले तर एकाचा बदला, वेगवेगळ्या गटांत असतील तर तसेच राहू द्या, कुणाला दिसत नाहीत. बदल करण्याआधी वेगळ्या नावाने एक सेव्ह ठेवा. ऑनलाइन डायनेस्टीत बदल सगळ्यांना लागतात, म्हणून आधी बाकीच्यांना विचारा.

दिसण्यापेक्षा मोठा बदल म्हणजे पोझिशनचा. ऑफसीझनमध्ये त्याची वेळ येते, आणि तिथे नवं ओव्हरऑल दिसतं. ओव्हरऑल हा त्या जागेच्या गरजांप्रमाणे काढलेला आकडा आहे. खेळाडू तोच राहतो, मोजपट्टी बदलते. त्यामुळे आकडा वाढला म्हणून लगेच होकार देऊ नका, आधी मूळ रेटिंग बघा. ताकद भरपूर पण पाय संथ असलेला टॅकल (लाइनच्या टोकाचा) हा गार्ड (त्याच्या आतल्या बाजूचा) म्हणून छान चालतो, कारण आतल्या बाजूला त्याला वेगवान एज रशर एकटा गाठत नाही. वेग थोडा कमी पण टॅकलिंग चांगलं असलेला कॉर्नर सेफ्टी (मागे उभा राहणारा बचावपटू) म्हणून चालतो. सेफ्टीला लाइनबॅकर करताना मात्र जपून. वेगामुळे आकडा सुखावतो, पण धावत्या खेळात गार्ड त्याच्या अंगावर आला की ब्लॉकमधून सुटायचं रेटिंग लागतं, आणि ते त्याच्याकडे नसतं. दर डावात तो चार यार्ड मागे ढकललेला दिसेल. शिवाय जागा बदलली की आर्केटाइप बदलतो आणि आधी कमावलेल्या क्षमता जाऊ शकतात. गोल्ड क्षमता असलेल्याला हलवताना दोनदा विचार करा.

वाढीचा वेग चार प्रकारच्या गुणांवर ठरतो: नॉर्मल, इम्पॅक्ट, स्टार आणि एलीट. वाढ आपोआप न ठेवता हाताने करायची असेल तर प्रत्येक गटाची कमाल मर्यादा आधी बघून घ्या. काही चौकोन बंद असतात, तिथे खेळाडू कधीच पोहोचणार नाही. ज्या गटावर हवी असलेली क्षमता अवलंबून आहे त्याचीच मर्यादा खाली असेल, तर त्या खेळाडूवर गुण ओतू नका, तो कितीही गुणी दिसला तरी. स्टार किंवा एलीट वाढीचा पहिल्या वर्षाचा खेळाडू लगेच लागत नसेल तर रेडशर्ट करा, म्हणजे तो हंगाम बसवून त्याचं एक वर्ष राखून ठेवा. चार सामन्यांपर्यंत खेळवलं तरी ते वर्ष वाचतं, पाचव्या सामन्यात उतरला की गेलं. इथे घात होतो तो शेवटच्या क्वार्टरमध्ये. सामना हातात आला म्हणून राखीव खेळाडू आत पाठवले जातात, आणि ती हजेरीही मोजली जाते. म्हणून चार सामने झालेल्याला डेप्थ चार्टमध्ये, विशेषतः स्पेशल टीम्समध्ये, खाली सरकवा. त्या रांगा लोक उघडूनच बघत नाहीत.

आणि हंगाम सुरू होण्याआधी, संघ ८५ वर आणून झाला की, नंबरांची यादी एकदा वरून खाली वाचा. नवीन रिक्रूटना नंबर आपोआप मिळतात, आणि पंट परतवणारा आणि दुसरा रिसीव्हर दोघेही ४ नंबर घालून एकाच बाजूला उभे आहेत, हे पहिल्या सामन्याआधी दुरुस्त करणं सोपं असतं.